बिनपायलटचं मालवाहू एअरशिप : उडन हो, पण बांधसान कुठी?

कपाशीवाला

राम राम मंडळी. विषय जरा हवेतला आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव पुलगावपासून जवळ. दारूगोळ्याचा डेपो शेजारी, म्हणून मिलिटरीच्या ट्रकांची रांग लहानपणापासून पाहत आलो. गेल्या आठवड्यात नागपूरला इंजिनीअरिंग शिकणारा भाचा सुट्टीत आला. कडुनिंबाखाली खाट टाकून त्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. तीन दुधी भोपळे एकमेकांना चिकटवावेत तसं काहीतरी, खाली चार गाद्या. म्हणे हायब्रिड एअरशिप, गॅस भरलेलं उडतं जहाज. "मामा, वीस टन माल, पायलट नाही, रनवे नाही, वावरात उतरते. पुढं फौजेचं रेशन आन् दारूगोळा असाच जाईन."

आमचे बाबा तुरीच्या काड्या मोडत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "उडन रे बावा. पण वावधन आलं त कोन्त्या खुट्याले बांधसान?" वावधन म्हणजे वादळी वारं. भाचा गप्प.

तर जाणकारांना विचारतो. ही गोष्ट खरंच चालण्यासारखी आहे का? आणि व्हिडिओ वीस वर्षांपूर्वीचा आहे म्हणे, मग अजून कुठं दिसत का नाही?

टवाळ_वऱ्हाडी

पहिला नंबर माझा. बाबांना दंडवत. शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

खुर्चीतला_इंजिनीयर

भाच्यानं दाखवलं ते बहुतेक लॉकहीड मार्टिन या अमेरिकी कंपनीचं पी-७९१. ३१ जानेवारी २००६ ला कॅलिफोर्नियात पामडेलला पहिल्यांदा उडालं. तो लहान नमुना होता आणि त्यात माणसं बसली होती. पुढं त्यावरून वीस टनांचं मोठं काढायचं ठरलं होतं. त्या चार गाद्या म्हणजे हवेच्या उशा. उतरताना त्यातून हवा खाली फुंकायची, उतरलं की उलटी खेचायची, म्हणजे जमिनीला जळूसारखं चिकटून बसतं. बाबांच्या प्रश्नाचं त्यांनी शोधलेलं उत्तर हेच.

आता 'हायब्रिड' काय ते. साधं एअरशिप वजनाला हवेइतकंच हलकं करतात. हे मुद्दाम थोडं जड ठेवतात. बराचसा भार आत भरलेला हेलियम, म्हणजे हवेहून हलका गॅस, उचलतो. उरलेला भार पुढं पळताना त्या चपट्या भोपळ्यांवरून जाणारा वारा उचलतो, विमानाच्या पंखासारखा. शिवाय पंखे वर-खाली वळवता येतात.

एवढा खटाटोप कशापायी, तर माल उतरवण्यापायी. साध्या एअरशिपमधून वीस टन उतरवले की ते वीस टनांनी हलकं झालं, चाललं वर. म्हणून माल उतरवायच्या आधी तेवढंच पाणी नाहीतर वाळू चढवावी लागते. लढाईच्या जागी वीस टन पाणी कोण भरून ठेवणार? आधीच जड असलेल्या यानाला ही अडचण बरीच कमी येते.

वैनगंगा_काठ

म्हणजे पुढची पोती आधी उतरवली की बंडी उलार होते, तसं?

खुर्चीतला_इंजिनीयर

ताई, उलार होणं हा मागं-पुढं तोलाचा मामला. इथं अख्खी बंडीच बैलासकट वर जाते. पण तोलाचा प्रश्नही आहेच, तेव्हा उदाहरण अर्धं पास.

टवाळ_वऱ्हाडी

बैलासकट वर जाणारी बंडी! आमच्या मंडळाच्या गणपतीचा देखावा ठरला.

माजी_सुभेदार_यवतमाळ

मी सप्लायमध्ये एकवीस वर्षं काढली, त्यातली पाच लेह आणि नुब्राकडे. म्हणून दोन शब्द.

शहरातल्या माणसाला वाटते लढाई बंदुकीची असते. ती असते रॉकेलची. हिवाळ्यात झोजिला खिंड बर्फाने बंद, म्हणून सहा महिन्यांचा माल उन्हाळ्यातच वर चढवायचा. पीठ, डाळ, तेल, कोळसा, औषधं, सगळं. ट्रक जाते तिथवर ट्रक. पुढं खेचरं. खेचराच्या पुढं पोर्टर. वर चौकीवर चीता हेलिकॉप्टर जाते, पण पातळ हवेत त्याचीही छाती भरून येते. एका फेरीत एखाद-दोन जेरीकॅन. ते ठेवायचे आणि पंखा न थांबवता निघायचं. एएन-३२ विमानातून छत्रीने माल टाकतात, त्यातला काही बर्फात असा जातो की पुढच्या उन्हाळ्यालेच सापडते.

मग एखादं जनावर वीस टन घेऊन ड्रायव्हरशिवाय जात असेल, तर मी त्याच्या पाया पडेन. पण मागच्या डेपोपासून पायथ्याच्या तळापर्यंत. पुढं नको. नव्वद-शंभर मीटर लांब, चाल ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. दुर्बीण नसली तरी दिसते. गोळ्या लागून लगेच पडत नाही हे मान्य, आत दाब फार कमी असतो, भोकातून गॅस हळूहळू जाते. पण मिसाईलच्या भोकाले 'हळूहळू' माहीत नसते.

खेचराची एक गोष्ट सांगतो. सिग्नल गेला तरी ते वाट चुकत नाही.

खुर्चीतला_इंजिनीयर

सुभेदार साहेब, सलाम. तुमच्या 'पातळ हवे'ला आकडा जोडतो.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हेलियम जेमतेम एक किलो उचलतो. ब्रिटिशांचं एअरलँडर १० आहे, ९२ मीटर लांब, ३८ हजार घनमीटर. म्हणजे हेलियमची उचल अडतीस-चाळीस टन, आणि त्यात त्याचं स्वतःचं अंग, इंजिनं, इंधन सगळं आलं. मालाला उरतात दहा टन. आपला बारा चाकी ट्रक याच्याहून जास्त नेतो.

वर जाताना गॅस फुगतो. पाच हजार मीटरवर हवेची घनता खालच्या साधारण ६० टक्के. फुगायला जागा हवी, म्हणून खालून निघतानाच पोट ६० टक्केच भरायचं. पोट कमी भरलं की उचल कमी. म्हणजे जिथं गरज सगळ्यात जास्त, तिथं हे यान सगळ्यात अशक्त. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ७० टक्के.

आपल्याकडचं ऊनही धरा. चंद्रपूरला ४५ अंश असताना हवाच नऊ-दहा टक्के विरळ झालेली असते. शिवाय दिवसभर उन्हात गॅस तापला की यान वर ओढ घेतं आणि सांज झाली की बसतं.

टवाळ_वऱ्हाडी

"निघतानाच पोट ६० टक्के भरायचं." आमच्या आईचा पंगतीला जातानाचा नियम. आणि उन्हात तापून सांजेला बसणारं यान आमच्या घरीही आहे, माझे सासरे.

मोहफूल

एक बाळबोध शंका. हे पेटत नाही का? शाळेत तो जळणाऱ्या जर्मन एअरशिपचा फोटो पाहिला होता, तेव्हापासून जत्रेतल्या फुग्याचीही भीती वाटते.

नागपुरी_संत्रं

ते हिंडेनबर्ग. ६ मे १९३७, न्यू जर्सीतलं लेकहर्स्ट, ३६ माणसं गेली. त्यात हायड्रोजन होता, तो पेटतो. हेलियम पेटत नाही. पण हेलियम आपल्याला बाहेरून विकत आणावा लागतो. बंगालात बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांतून निघतो खरा, त्यावर असली यानं उडायची नाहीत.

पण मला सांगायचंय ते वेगळं. इंग्रजांना एअरशिपनं थेट हिंदुस्थानात यायचं होतं. आर-१०१ नावाचं अवाढव्य यान बांधलं. ते यायच्या आधीच कराचीला त्याच्यासाठी प्रचंड हँगर आणि बांधायचा मनोरा उभा करून ठेवला. यान निघालं आणि ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ टेकडीवर पडून जळालं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यांचे हवाई मंत्री लॉर्ड थॉमसनही त्यात होते. कराचीचं हँगर पुढं कित्येक वर्षं रिकामं उभं होतं.

म्हणजे बाबांच्या भाषेत, खुटा गाडून ठेवला आन् बैल आलाच नाही.

कपाशीवाला

हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "खुटा त होता ना. आजकालचे खुट्याबिगरच बैल घेतात."

आशावादी_अमरावती

सगळे मिळून बिचाऱ्या भाच्याला का झोडताय? नव्वद वर्षांपूर्वीच्या अपघातावरून आजचं ठरवायचं म्हटलं तर विमानात कुणी बसलंच नसतं. आपल्याकडेच बघा. ३ मे २०२५ ला मध्य प्रदेशातल्या श्योपूरहून डीआरडीओच्या आग्र्याच्या संस्थेनं एअरशिप सोडलं. सतरा किलोमीटर उंच, ६२ मिनिटं. आयआयटी मुंबईतही एअरशिपवर कितीतरी वर्षं काम चालू आहे. बिनपायलटचा फायदा साधा आहे. चोवीस तास उडवा, हवा बिघडली तर दोन दिवस घिरट्या घालू द्या, पडलं तर कुणाच्या घरी तार जात नाही.

खुर्चीतला_इंजिनीयर

श्योपूरचं कौतुक आहेच. पण ते टेहळणीचं, उंच जाऊन थांबायचं. माल नेणं, टेकवणं, उतरवणं, पुन्हा उचलणं ही वेगळी जात.

आणि भाचा चूक नाही. उडतात हो ही यानं! अमेरिकी लष्करानं २०१० मध्ये एलईएमव्ही नावाच्या हायब्रिडचं कंत्राट दिलं, ५१ कोटी ७० लाख डॉलरचं. माणसांसह आणि माणसांशिवाय, दोन्ही प्रकारे उडेल, वीस हजार फुटांवर २१ दिवस राहील असा करार. ७ ऑगस्ट २०१२ ला ते उडालं, पायलट बसवून, दीड तास. कुठून? त्याच लेकहर्स्टहून. पुढच्या फेब्रुवारीत काम बंद. उशीर झाला होता, वजन वाढलं होतं, आणि ज्या अफगाणिस्तानासाठी ते मागवलं तिथून फौजच परतायला लागली होती. मग ते विकलं, ज्यांनी आराखडा केला त्या ब्रिटिश कंपनीलाच. किंमत ३ लाख १ हजार डॉलर.

टवाळ_वऱ्हाडी

थांबा थांबा. ५१ कोटींची वस्तू ३ लाखात? आमच्या गावात जुनं थ्रेशरही यापेक्षा बऱ्या भावानं जाते.

खुर्चीतला_इंजिनीयर

तेच यान पुढं एअरलँडर १० झालं. १७ ऑगस्ट २०१६ ला पुन्हा उडालं आणि आठवड्यानं, २४ तारखेला, उतरताना नाक जमिनीत रुतवलं. माणसं वाचली. दुरुस्त केलं, आणखी उड्डाणं झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उभ्या जागीच दोर सुटून बांधायच्या मनोऱ्यापासून निसटलं. असं झालं तर पिशवी आपोआप फाटावी अशी सोय होती, तसं फाटून ते मैदानात लोळलं.

दुसरं एक, एरोस्क्राफ्ट. तेही अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून. त्यांची युक्ती सुरेख होती. माल उतरवला की हेलियम दाबून टाक्यांत भरायचा, म्हणजे पाणी-वाळूची गरज नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात हँगरचं छतच अंगावर कोसळलं.

तिसरं, जर्मनीचं कार्गोलिफ्टर. १६० टन उचलायचं होतं. त्यासाठी ३६० मीटर लांबीचं हँगर बांधलं आणि २००२ मध्ये दिवाळं निघालं. आता त्या हँगरात वॉटर पार्क आहे.

यातलं एकही आभाळात मेलं नाही. एक उतरताना आणि बांधलेलं असताना, दुसरं गोठ्यात, तिसरं सावकाराच्या दारात. बाबांनी नेमकं दुखणं ओळखलं.

वैनगंगा_काठ

बैल न येता गोठ्यात लोक पोहायला लागले. हे मात्र ऐकलं नव्हतं.

माजी_सुभेदार_यवतमाळ

आशावादी भाऊ, "पडलं तर कुणाच्या घरी तार जात नाही" हे मला पटते. चांगली पोरं अशा फेऱ्यांत गेलेली पाहिली आहेत. पण 'बिनमाणसाचं' म्हणताना खालची माणसं मोजा. जुन्या एअरशिपले दोर धरून उतरवायला शंभर-दोनशे जण लागायचे. वर शून्य आणि खाली दीडशे असेल, तर मी खेचरं घेतो. गाद्यांनी चिकटून ती माणसं वाचत असतील तर गोष्ट वेगळी. मग मात्र मला ते ओल्या मातीत चिकटून दाखवा. सिमेंटवर काय, पालही चिकटते.

आशावादी_अमरावती

हा मुद्दा मान्य. ओल्या काळ्या मातीत आपली चप्पल चिकटते तशी त्याची गादी चिकटली तर पुन्हा सुटायची नाही.

पऱ्हाटी_पांढरकवडा

थोडं विषयांतर. वरून पडणाऱ्या वस्तूंचा आमचा अनुभव. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेवाले शास्त्रीय फुगे सोडतात, पॉलिथीनचे, पन्नास मीटरहून रुंद. तीस-चाळीस किलोमीटर वर जातात आणि यंत्रांची पेटी रंगीत छत्रीनं खाली येते. आपले यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली जिल्हे त्यांच्या सूचनेत असतात. पेटी सापडली तर उघडू नका, कळवा, असं लिहिलेलं असतं.

एक वर्षी आमच्या मावसकाकांच्या वावरात पडली. अर्धं गाव म्हणे बॉम्ब. पोलीस पाटील दोन धुऱ्यांपलीकडूनच "कोनी हात लावू नोका" म्हणून ओरडत होते. एका म्हाताऱ्यानं पेटीला हळद-कुंकू वाहिलं. सायंकाळी माणसं आली, पेटी घेऊन गेली, सगळ्यांना चहा पाजला. प्लॅस्टिक मात्र तोवर गायब. पुढं दोन वर्षं निम्म्या गावाच्या तुरीच्या गंज्यांवर तेच झाकण.

नागपुरी_संत्रं

सिंदेवाहीचं विसरलात. २ एप्रिल २०२२ च्या रात्री लाडबोरीत आभाळातून धातूचं कडं पडलं होतं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकार म्हणाले. त्या मानानं एअरशिप सभ्य, निदान हळू येईल.

टवाळ_वऱ्हाडी

हळू येईल पण विजेच्या तारा घेऊन येईल.

खुर्चीतला_इंजिनीयर

गंमत म्हणून म्हणालात, पण झालंय. २८ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेत मेरीलँडला फौजेचा टेहळणीचा बांधलेला फुगा सुटला. जेलेन्स म्हणत. मागं दीड-दोन किलोमीटर केबल लोंबत होती. पेनसिल्व्हेनियात तारा तोडत गेला, हजारो घरं अंधारात, आणि मागून एफ-१६ विमानं पाहत पाहत चालली होती.

टवाळ_वऱ्हाडी

आमच्याकडं तारा तोडायला फुगा लागत नाही. आभाळ नुसतं भरून आलं की लाईट जाते.

आलापल्लीकर

उशिरा लिहीत आहे, इकडे रेंज असली तर असते. मी भामरागड तालुक्यात शिक्षक आहे, नववं वर्ष.

सुभेदार साहेबांनी सहा महिन्यांच्या साठ्याचं लिहिलं ते वाचून हसू आलं, कारण आमच्याकडंही तेच आहे, फक्त बर्फाच्या जागी पाणी. पावसाळ्याआधी आतल्या गावांत रेशनचं धान्य काही महिन्यांचं एकदम पोचवून ठेवतात. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की शंभराच्या वर गावं तुटली ही बातमी दरवर्षी येते, तारीख तेवढी बदलते. फौज नाही, पण पोलीस ठाणी आहेत, आणि आणीबाणीला हेलिकॉप्टर येतं, हवा असेल तर.

म्हणून कपाशीवाले भाऊंच्या प्रश्नाकडं मी आशेनं पाहिलं. वीस टन तांदूळ एका फेरीत म्हणजे आतल्या काही गावांचा पावसाळा निघाला. पण उतरणार कुठं? इथं सागवान आणि बांबू. मोकळी जागा म्हणजे शाळेचं मैदान, तेही कबड्डीपुरतं. बाकी धानाच्या बांध्या, जुलैत गुडघाभर चिखल. आणि ज्या दिवशी पूर असतो त्याच दिवशी ढग टेकलेले, वारा आणि विजा. हे यान चांगल्या हवेत चालेल, पण चांगल्या हवेत आमच्याकडं ट्रॅक्टरही चालतो.

खरं सांगू का, मला वीस टन नकोच. दोन किलो हवेत. मागच्या श्रावणात माझ्या वर्गातल्या मुलीला मण्यारनं चावलं. खाटेवर टाकून चौघांनी नेलं, नाल्यापाशी तीन तास थांबले. पोरगी वाचली. त्या तीन तासांत पलीकडून इंजेक्शनाच्या कुप्यांचा डबा आणि तो द्यायला हात शिकलेली नर्स अलीकडं असती तर पुरे होतं. त्याला भोपळा लागत नाही, लहान ड्रोन पुरतो.

मोहफूल

मुलगी बरी आहे ना आता?

आलापल्लीकर

हो. सातवीत आहे. सापाचं नाव विचारलं की बरोबर सांगते.

माजी_सुभेदार_यवतमाळ

गुरुजी, तुमचं बरोबर. फौजेतही शेवटच्या टप्प्याले आता लहान ड्रोनच घेत आहेत. मोठं यान मागं, खेचर मधी, ड्रोन पुढं असं काही होईल. कदाचित माझ्या नातवाच्या नोकरीत.

खुर्चीतला_इंजिनीयर

मूळ प्रश्नावर माझं मत. सैन्याचा माल नेणारं बिनपायलटचं हायब्रिड अशक्य नाही. त्यातलं 'बिनपायलट' सगळ्यात सोपं, ते आज जमतं. 'हायब्रिड' जमलेलं आहे. न जमलेलं आहे ते वादळात उघड्यावर रात्र काढणं. विमान जमिनीवर आलं की जड होऊन बसतं. हे जमिनीवरही अर्धं आभाळातच असतं.

कपाशीवाला

सगळ्यांचे आभार. गुरुजींचं लिहिलेलं घरात मोठ्यानं वाचलं, आई उठून आत गेली.

भाचा हिरमुसला नाही. म्हणतो, शेवटच्या वर्षाला हाच प्रकल्प घेतो, उडायचा नाही, बांधायचा. काल बाबांकडून बैलाच्या गाठी शिकत होता.

बाकी काल सायंकाळी खरंच वावधन आलं. गोठ्याची दोन टिनं उडाली, बाभळीवरून थेट नाल्यापलीकडं. बाबा ओसरीतून भाच्याले म्हणाले, "जाय, तुह्यं बिनपायलटचं उतरलं, उचलून आन."

वैनगंगा_काठ

सापडली का टिनं?

कपाशीवाला

एक सापडलं.